आभाळ आलंय

"अगं, तिला फोन कर. गोधडी बाहेर राहिलीय, आभाळ आलंय!"

आज आजीला मोबाइलवर स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे गूगलच्या नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंमध्ये, नाशिकची तिची जुनी गल्ली दाखवत होते. इथे खिडकीबाहेर पाऊस, त्यामुळे तिला वाटलं, तिथलंही सगळं आत्ताचंच.

गूगलने २०२२ मध्ये हे भारतात सुरू केलं, तेव्हा पहिल्या १० शहरांत नाशिक होतं. चेहरे धूसर करतात. ओट्यावरच्या बाईचाही केलेला. पण आजीने तिला ओळखलं ते कठड्यावरच्या गोधडीवरून.

"माझ्याच लुगड्याची आहे ती. निळा काठ बघ."

फोटो जुना आहे, हे सांगायला मी जरा वेळच लावला. (सांगावंसंच वाटेना.)

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हापासून ती तशीच उभी आहे होय?"