पाटीचं मराठी करताना

कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना मी एक काम दिलं होतं: आसपासची एखादी इंग्रजी पाटी निवडायची आणि तिचं मराठी करून आणायचं. बहुतेकांनी बागेतले नियम उचलले, 'कुत्रा बांधून ठेवा' वगैरे. एका मुलीने मात्र युनियन सिटी बुलेव्हार्डवरच्या ऐतिहासिक पाटीचा फोटो आणला. राज्याच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीतलं ५०३ क्रमांकाचं स्थळ: अलामेडा काउंटीची पहिली कचेरी. त्या रस्त्याने मी नऊ वर्षं ये-जा करतेय, पाटी कधी दिसली नव्हती.

मजकूर जेमतेम चार-पाच ओळींचा. ६ जून १८५३ रोजी काउंटीचा कारभार इथे सुरू झाला, दोघा व्यापाऱ्यांनी दुकानासाठी बांधलेल्या दुमजली इमारतीत. पुढे खात्यांचं काम वाढलं, मतदारांनी नवी जागा निवडली आणि १८५६ मध्ये कारभार सॅन लिआंड्रोला गेला. संपलं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिल्याच शब्दाला अडलो. काउंटी म्हणजे काय? 'परगणा' लिहून पाहिलं. दिसायला भारदस्त, पण मग मुलांना एकाऐवजी दोन शब्द समजवावे लागणार. 'जिल्हा' म्हणावं तर जिल्ह्याला कलेक्टर हवा. इथे लोकांनी निवडून दिलेलं सुपरवायझरांचं मंडळ असतं. शेवटी काउंटीला काउंटीच ठेवलं. मग 'काउंटी सीट'. मुलीने लिहिलं होतं 'काउंटीचे आसन'. मी ते खोडून 'मुख्यालय' केलं, तेही सरकारी पत्रासारखं वाटलं.

तेव्हा आप्पा श्रीरामपूरहून आमच्याकडे आले होते. तहसील कचेरीत उभी हयात गेलेली. चहा पिता पिता म्हणाले, "अगं, जिल्ह्याचं ठिकाण म्हणतात त्याला. एवढं काय?" झालं! 'काउंटीचं ठिकाण'. दोन दिवस मी डोकं खाजवत होते.

पण आता आप्पांना पाटीतच रस आला. कारभार हलवण्याचं कारण वाचून त्यांनी मान हलवली. "कामं वाढली म्हणून ठिकाण हलत नाही. मतदान घेतलंय ना? म्हणजे भांडण होतं." नगर जिल्ह्याच्या विभाजनात ठिकाण श्रीरामपूर की संगमनेर, हा वाद ऐकत म्हातारा झालेला माणूस. त्यांना कोण फसवणार?

शोधलं तर खरंच भांडण निघालं. दुकान बांधणाऱ्या त्या दोघा व्यापाऱ्यांपैकी एक, स्मिथ, विधानसभेतही होता. कॉन्ट्रा कोस्टा आणि सांता क्लारा या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून १८५३ च्या मार्चमध्ये अलामेडा काउंटी झाली, त्याचं विधेयक त्यानेच मांडलं, आणि ठिकाण आलं त्याच्याच गावाला, अल्वाराडोला. (आज ते गाव युनियन सिटीत विरघळलंय.) १८५४ च्या मतदानात सॅन लिआंड्रो जिंकलं, दप्तर तिकडे गेलं. मग हा बदल कायद्यात बसत नाही असं ठरलं आणि दप्तर परत अल्वाराडोला! १८५६ मध्ये विधिमंडळाने मान्यता दिल्यावर पुन्हा सॅन लिआंड्रो. आप्पा इतके हसले की ठसका लागला.

याच अल्वाराडोत १८७० मध्ये बीटापासून साखर करणारा कारखानाही निघाला होता, हे सांगितलं तर मात्र आप्पांनी विश्वास ठेवला नाही. साखर उसाचीच.

भांडणाचा किस्सा मराठी पाटीत घालायचा का, यावर मुलीशी माझी बरीच घासाघीस झाली. तिला सगळं हवं होतं. मी म्हटलं, पाटीवर आहे तेवढंच भाषांतर, बाकीचं खाली तुझ्या शब्दांत. तिने खाली भाषांतराच्या दुप्पट लिहिलं.

रात्री आप्पांनी श्रीरामपूरच्या मित्राला फोनवर सगळी हकिगत ऐकवली. पलीकडून प्रश्न आला, "मग त्या दुसऱ्या गावाला तरी राहिलं का?"

"कुठलं," आप्पा म्हणाले. "१८६८ च्या भूकंपात कचेरी पडली. पाच वर्षांनी ठिकाण ओकलंडला."