घर आपले, जमीन भाड्याची

आज सिएटलजवळ राहणाऱ्या माझ्या एका निवृत्त सहकारी बाईंकडे, त्यांच्या मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरात), चहाला गेलो होतो. फ्रिजला चुंबकाने लावलेली भाडेवाढीची नोटीस त्यांनी चष्मा चढवून मला वाचून दाखवली. नाव ‘मोबाइल’ असले, तरी हे घर उचलून दुसरीकडे न्यायचे म्हणजे हजारो डॉलरांचा खर्च असतो, त्यामुळे घर स्वतःचे पण खालची जागा भाड्याची असलेला माणूस जागामालक मागेल ते मुकाट्याने देत राहतो. वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने अशा जागांची वार्षिक भाडेवाढ ५ टक्क्यांवर रोखली. इतर भाड्याच्या घरांना मात्र ७ टक्के अधिक महागाईदर किंवा १० टक्के, यांतले जे कमी असेल तिथपर्यंत मोकळीक आहे. नोटिशीतला आकडा मी लगेच मांडून पाहिला, तो ४.९ टक्के निघाला. (मालक हिशेबाला पक्का!) बाईंनी कागद पुन्हा चुंबकाखाली सरकवला आणि चहात साखर घातली.