तुमची पट्टी कोणती?

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळात पहिल्यांदा गेले, तेव्हा पेटीवाल्या काकांनी भाता हलवत विचारलं, "ताई, तुमची पट्टी कोणती?" मार्च महिना होता. घरपट्टी, पाणीपट्टी दोन्ही डोक्यावर. मी बोलून गेले, "भरायचीय अजून." बायका इतक्या हसल्या की टाळ खाली ठेवावे लागले.

शेवटी काकांनीच सोडवलं. "अहो, सा कुठे लागतो तुमचा?" त्यांनी एकेक पट्टी दाबून बघितली, मी आ लावत गेले. "काळी चार," निकाल लागला. म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. तबलजींनी लगेच हातोडी काढली आणि सूर जुळवायला तबल्याचे लाकडी गट्टे ठोकायला घेतले. माझ्या गळ्याला असा पत्ता आहे, हे मला चाळिशीत कळलं.

आपल्या गाण्यात सा खरं तर कुठेही असतो. ज्याच्या गळ्याला जिथे झेपेल तिथे तंबोरा लावायचा. 'जरा चढवा', 'जरा उतरवा' एवढ्यावर भागत असणार. पेटी आली आणि पंचाईत झाली, कारण तिचे सूर जागच्या जागी पक्के. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँनं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची पेटी केली. आता गाणाऱ्याला सांगणं भाग पडलं, सुरुवात कुठून. आपल्या लोकांनी सुरांना दिलेली साहेबाची सी, डी, ई ही अक्षरं बाजूला ठेवली आणि समोर दिसणारे लाकडाचे तुकडे मोजले.

'काळी चार' स्त्रीलिंगी का, यावर मी एक अख्खी दुपार घालवली आहे. सूर पुल्लिंगी, स्वर पुल्लिंगी. मग 'काळा चार' का नाही? कारण 'काळी'च्या पाठीमागे पट्टी लपून बसलीय. बोटाखालच्या लाकडी पट्टीचं नाव आधी सुराला चिकटलं, मग गळ्याला, आणि शेवटी थेट स्वयंपाकघरात येऊन पोचलं. 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' असं आमच्या घरी मला सांगितलं जातं, तेव्हा सांगणाऱ्यानं आयुष्यात पेटीला हात लावलेला नसतो.

हिशेब मात्र फसवा. काळ्या वेगळ्या मोजायच्या, पांढऱ्या वेगळ्या. त्यामुळे पांढरी पाच ही काळी चारच्या खाली! मी एकदा ऐटीत "आज पांढरी पाच घेऊ, चढं गाऊ," म्हणाले, तर काका नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. तंबोऱ्याबरोबर सारंगी चालेल, पेटी नको. माझी खात्री आहे, त्या बंद दाराआडही तंबोरा 'काळी एक'लाच लागत असणार. वाद्य हाकलता येतं, तोंडात बसलेला शब्द कसा हाकलणार? पंचवटीत तर पेटीला कुणी कधी 'जा' म्हटल्याचं ऐकलं नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी इथेच रामनाम आधार आश्रम काढला; भजन आमच्याकडे घरोघरी, आणि भजन म्हटलं की पेटी आलीच.

मंडळातल्या सगळ्यात थोरल्या आजींची पट्टी एके काळी काळी पाच होती म्हणे. रामनवमीच्या आधीच्या एकादशीला त्या गायला बसल्या आणि दरवेळसारखं म्हणाल्या, "काळी चार द्या हो." तबलजींनी गट्टे वर सरकवून तबला आधीच उतरवून ठेवला होता. काकांनी काही न बोलता काळी तीनवर बोट ठेवलं. अभंग सुरेख झाला. आजींनी पदरानं कपाळ टिपलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, अजून चार लागते."

"लागते की," काका म्हणाले, आणि भाता बंद केला.