अमळनेरला एक रविवार

भाच्याच्या साखरपुड्याला धुळ्याला गेलेलो, रविवार मोकळा मिळाला, बायको म्हणाली पडा जरा घरीच, पण डोक्यात कधीपासून अमळनेर होतं. एसटीने तासभर. थंडी होती, खिडकीची जागा मिळाली, बाहेर कापसाची शेतं.

रिक्षावाल्याला म्हटलं सानेगुरुजींची शाळा, तर त्याने आधी विप्रो सुरू केलं, 1945 ला कंपनी इथेच तेलाच्या कारखान्यातून उभी राहिली वगैरे. खरंय ते, पण मला प्रताप हायस्कूलला जायचं होतं ना भाऊ.

रविवार, त्यामुळे गेट बंद. हे आधी सुचायला हवं होतं. मग बाहेरच उभा राहिलो.

पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, आणि 1924 ला या शाळेत मास्तर म्हणून लागले, वय चोवीस. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं, आणि माझ्या मते लेखक तिथेच घडला. पोरांचे मळके कपडे धुवायचे, घड्या घालून ठेवायचे, पसारा आवरायचा, गोष्टी सांगायच्या, वर हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचं, तेही रोज! मी पाच वर्षं होस्टेलला काढलीत, आमचे रेक्टर वाळत घातलेले कपडे खिडकीतून खाली फेकायचे, त्यामुळे मला हे वाचताना खरंच वाटायचं नाही.

1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, मग तुरुंगच तुरुंग. 1932 ला धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा रविवारी गीतेवर बोलायचे ते यांनीच भराभर उतरवून घेतलं, म्हणून आज गीता प्रवचने आपल्या हातात आहे. आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या जेलमध्ये श्यामची आई, बरंचसं पुस्तक चार-पाच दिवसांत. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झालेली, शेवटची भेटही झाली नव्हती. लोक म्हणतात रडकं पुस्तक, मीही कॉलेजात म्हणायचो. पण त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, रात्र पहिली, रात्र दुसरी, म्हणजे जेवणं आटोपल्यावर पोरांना जवळ घेऊन सांगितल्यासारखं. वर्ग सुटला तरी मास्तरकी सुटली नव्हती.

गेटजवळच्या बाकावर एक आजोबा बसलेले, त्यांना विचारलं शाळा आतून बघता येईल का. म्हणाले, "उद्या या, पोरं असतील तेव्हा. रिकामी शाळा काय बघायची."

स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, तिखटजाळ, अर्धा रस्सा शर्टावर. धुळ्याला पोचल्यावर बायकोने डाग बघितला, काही बोलली नाही. मीच मोरीत जाऊन शर्ट धुवायला घेतला.