नळीतला बुडबुडा

बुधवार, रात्री

माशांच्या टाकीचा दिवा लावायच्या आधी टॉर्च मारून सायफनची नळी बघायची सवय लागलीय. टाकीतलं पाणी काठावरून खालच्या सम्पमध्ये, म्हणजे खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, तीच उतरवते. माथ्यावरचा बुडबुडा आज दोन बोटं लांब दिसला. रविवारी हरभऱ्याएवढा होता. असाच वाढत गेला तर नळीतलं पाणी दुभंगणार आणि सायफन तुटणार.

गेल्या महिन्यात तुटला तेव्हा मी झोपेत होतो. सायफन थांबला म्हणून सम्पमधला पंप थोडाच थांबतो? तो इमानेइतबारे पाणी वर चढवत राहिला आणि पहाटे माझा पाय ओल्या चटईवर पडला. त्या वेळी बारीक नळीने तोंडानेच हवा ओढून काढली, टाकीचं पाणी तोंडात आलं, थुंकलो आणि मोकळा झालो. हवा आली कुठून, हे स्वतःला विचारलंच नाही.

आज बसून हिशेब केला. नळीचा माथा पाण्याच्या पातळीच्या 15 सेंटिमीटर वर आहे, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दीड टक्क्याने कमी. पाण्यात विरघळलेली हवा तिथे थोडी थोडी सुटू शकते. त्यात मी शहाण्याने एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) ओव्हरफ्लो बॉक्सला, म्हणजे टाकीचं पाणी जिथून नळीत शिरतं त्या डब्याला, खेटून ठेवलेला. त्याचे बारीक बुडबुडे थेट नळीत. प्रवाह जोराचा असता तर त्याने ते पलीकडे ओढून नेले असते. पण एकीपेक्षा दोन बऱ्या म्हणून मी 25 मिलिमीटरच्या दोन नळ्या लावल्यात. पंप तासाला 1000 लिटर देतो. दोघींत वाटून वेग उरतो सेकंदाला 28 सेंटिमीटर. एकच ठेवली तर 57.

एक काढली. उरलेलीतला बुडबुडा लगेच ताणला गेला, त्याचं शेपूट थरथरायला लागलं आणि तुकडे तुटून उतरत्या बाजूने खाली जाऊ लागले. पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. (चहा गार.) दुसरी नळी कचरा अडकला तर आधाराला असते हे खरं, पण तोंडावर जाळी आहे, ती धूत राहीन.

तरी वाटाण्याएवढा बुडबुडा हलेना. माथ्यावर हवा काढायची बारीक तोटी चिकटवलीय, तिच्या जोडावर संशय आला. तिथून कधी थेंब गळला नव्हता, म्हणून तो पक्का असं मी धरून चाललो होतो. पण आतला दाब कमी, तर फट असली तरी पाणी बाहेर येणारच नाही, हवा आत जाईल! बोटाने पाण्याचा एक थेंब जोडावर ठेवला. क्षणभर थांबला आणि आत ओढला गेला. नळी काढून पुसून कोरडी केली, नवीन सिलिकोन लावलं. उद्या रात्रीपर्यंत ते सुकू द्यायचं. तोवर काढलेली दुसरी नळी कामाला.

माथ्याला छोटा पंप जोडून हवा सतत ओढत ठेवायची युक्ती आहे, पुष्कळ जण वापरतात. मला नको. त्याच्या बारीक नळीत शेवाळ अडकलं की पुन्हा तेच, आणि आपण मात्र निर्धास्त.

त्यापेक्षा संध्याकाळी दुसरंच करून पाहिलं. पंप चालू ठेवून नळी मुद्दाम उचलून काढली. सम्पच्या पंपाच्या कप्प्यात 9 लिटर पाणी असतं. टाकी 90 बाय 45 सेंटिमीटरची, म्हणजे ते सगळं वर आलं तरी पातळी सव्वादोन सेंटिमीटर चढायला हवी. काठ 3 सेंटिमीटर वर. पाणी चढत गेलं, मासे काठापाशी जमले, मी हातात फडकं घेऊन उभा. मग पंपाने हवा खाल्ल्याचा घरघराट आला आणि मी बटण बंद केलं. काठ अजून बोटभर कोरडा होता. गेल्या महिन्यात वरून भर घालताना मी तो कप्पा काठोकाठ भरला होता. आता त्यावर मार्करने रेघ ओढलीय.