घरच्या सर्व्हरची प्रगती-नोंद : नवतपात फुगलेल्या लॉग फाइली

नागपुरातील आमच्या गच्चीवरच्या तापमानाच्या नोंदी साठवणारा पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीचा सर्व्हर मागच्या नोंदीपर्यंत सुरळीत चालू होता. पाच सेन्सरकडून दर मिनिटाला जेमतेम काहीशे बाइट माहिती येते, त्यामुळे १२० जीबीची एसएसडी कित्येक वर्षे पुरेल असा माझा हिशेब होता. नवतपाच्या चौथ्या दिवशी ती ८० टक्क्यांच्या वर भरलेली दिसली, आणि त्यातले सुमारे ६७ जीबी एकट्या पीजी-वॉल फोल्डरने, म्हणजे व्यवहारांची पूर्वनोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलींनी, व्यापलेले होते.

पहिला मोह त्या फाइली हाताने पुसून टाकण्याचा होतो. तो आवरावा, कारण लाईट गेल्यावर सर्व्हर शेवटच्या चेकपॉइंटपासून (तोवरचे बदल मुख्य फाइलींत उतरल्याच्या खुणेपासून) याच फाइली वाचून डेटाबेस पूर्ववत करतो, आणि नेमकी हवी असलेली फाइल नसेल तर तो सुरूच होत नाही.

तपासात दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या निघाल्या. दुसरी प्रत ठेवणारा जुना लॅपटॉप वरच्या मजल्यावर, कूलर नसलेल्या खोलीत होता आणि उष्णतेने तापून तीन दिवसांपूर्वीच बंद पडला होता. त्याच्यासाठी केलेला रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे प्रतीने कुठवरची लॉग घेतली हे लक्षात ठेवणारी मूळ सर्व्हरवरची खूण, मात्र इमानाने त्याची वाट पाहत होता. स्लॉटने धरून ठेवलेली लॉग मूळ सर्व्हर काढून टाकत नाही, आणि लॉगच्या एकूण आकारासाठी असलेली मॅक्स-वॉल-साइझची १ जीबीची मर्यादाही तिथे लागू पडत नाही. पण मग एवढ्याशा माहितीतून ६७ जीबी आले कुठून? लॉग फाइल भरली नसली तरी किती वेळाने ती बंद करून बाहेरच्या डिस्कवर पाठवायची, हे ठरवणारे आर्काइव्ह-टाइमआउट मी उत्साहाच्या भरात ६० सेकंदांवर ठेवले होते. त्यामुळे दर मिनिटाला लॉग फाइल बदलत होती, आणि आत चार ओळी असोत वा चार लाख, प्रत्येक फाइल पूर्ण १६ एमबीचीच असते. दिवसाच्या १४४० फाइली म्हणजे साडेबावीस जीबी. एरवी हे लक्षात आले नाही, कारण ११व्या आवृत्तीपासून अशा अर्धवट फाइलीचा उरलेला भाग शून्यांनी भरला जातो आणि बाहेरच्या डिस्कवर जाणारी जीझिपने आवळलेली प्रत अगदीच लहान होते. प्रती लहान दिसल्या, म्हणून मूळ फाइलींचा आकार नजरेतून सुटला.

लॅपटॉप खालच्या खोलीत आणून सुरू केला. दीड-दोन तासांत तो मूळ सर्व्हरच्या बरोबरीला आला आणि पुढच्या चेकपॉइंटनंतर जागा आपोआप मोकळी झाली.

आता आर्काइव्ह-टाइमआउट १५ मिनिटे केले आहे, म्हणजे दिवसाच्या ९६ फाइली, दीड जीबी. वाईटात वाईट म्हणजे सर्व्हर आणि एसएसडी दोन्ही गेल्यास पाव तासाचे तापमान हातचे जाईल. गच्चीवरच्या हौसेला ते परवडते. शिवाय १३व्या आवृत्तीपासून मिळालेली मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ ही, स्लॉटने किती लॉग धरून ठेवावी याची मर्यादा ४ जीबीवर बांधली आहे. ती मूळची अमर्याद असते, हे मला उशिरा कळले. आता लॅपटॉप सुमारे अडीच दिवसांहून अधिक बंद राहिला तर त्याचा स्लॉट बाद होईल आणि त्याला मागची लॉग बाहेरच्या डिस्कवरून घ्यावी लागेल, पण प्रतीच्या काळजीपोटी मूळ सर्व्हर गुदमरावा, यापेक्षा ते मला रास्त वाटते.

देखरेखीसाठी दर १० मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती फोल्डरचा आकार मोजत नाही, कारण आकार हे उशिराचे लक्षण आहे. लॉगचे सध्याचे स्थान आणि प्रत्येक स्लॉटचे रिस्टार्ट-एलएसएन (स्लॉटने जिथपासून लॉग धरून ठेवली आहे ते स्थान) यांतील अंतर १ जीबीच्या पुढे गेले, किंवा पीजी-स्टॅट-आर्काइव्हर या बाहेरच्या डिस्कवर फाइली पाठवण्याचा हिशेब ठेवणाऱ्या तक्त्यातील अपयशांची संख्या वाढली, की मोबाइलवर संदेश येतो. फाइल बाहेरच्या डिस्कवर पाठवणारी आर्काइव्ह कमांड अपयशी ठरली तरी सर्व्हर तक्रार फक्त आपल्या संदेशांच्या नोंदवहीत करतो, पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो आणि तोवर फाइली साठवत जातो, म्हणून ही दुसरी अट.

काल मुद्दाम इन्व्हर्टर बंद ठेवून सर्व्हरचा प्लग काढला. पुन्हा सुरू झाल्यावर संदेशांच्या नोंदवहीत रिडूच्या (लॉगमधले बदल पुन्हा लागू करण्याच्या) सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही ओळी काही सेकंदांच्या अंतराने उमटल्या आणि शेवटच्या मिनिटाची नोंदही जागेवर होती. लॅपटॉपसाठी खालच्या खोलीत कायमची जागा मिळवण्याची बोलणी घरात अजून सुरू आहेत.