हात लावून बघितलंस का?

लेकीनं विचारलं, "बाबा, डिस्नेलँड की जहाज?" मी जहाज म्हटलं. तिला वाटलं बाबांना समुद्राचं वेड लागलं. मला बघायचं होतं लाकूड.

कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या बंदरात 1967 सालापासून 'क्वीन मेरी' उभी आहे. आता तिचं हॉटेल झालंय. 1936 च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला निघाली. लांबी 1,019 फूट. आमचा बोटीशी संबंध म्हणजे सांगलीत कृष्णेच्या घाटावरची होडी, आणि पुरात गल्लीत आलेली रबरी बोट. त्यामुळं आधी काही वेळ मी धक्क्यावर नुसता मान वर करून उभा.

आत गेलो आणि वास आला. जुन्या पॉलिशचा. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कारखान्यात चपड्याचं (लाखेचं) पॉलिश चालायचं, त्याच्या जवळचा. (कारखाना म्हणजे गावभागातली पत्र्याची शेड. अण्णा सुतारकाम करायचे, मी 'इंटिरिअर' करतो. शेड तीच आहे.)

या जहाजाला सुंदर लाकडांचं जहाज म्हणायचे. जगभरातून, जास्त करून ब्रिटिश साम्राज्यातून आणलेली 56 जातींची लाकडं तिच्यात वापरली आहेत. मी तीस वर्षं धंद्यात आहे. साग, शिसम, बाभूळ, आंबा, फणस... माझी यादी एवढ्यात संपते, मग प्लायवूडच. इथं एका दालनातून दुसऱ्यात गेलं की भिंतीचा रंगच बदलतो. कुठं मधासारखा, कुठं विटकरी. पुढच्या टोकाला एक अर्धगोल बार आहे, तिथं मकासर एबनी. काळ्यात तपकिरी पट्टे, वाघ अंधारात बसल्यासारखे. आणि सगळं वळणदार. सरळ भिंतीवर रेषेला रेष मिळवताना आमचे कारागीर घाम पुसतात, यांनी ती गोलाईवर मिळवलीय.

मी खाली बसून कड बघितली. लेक म्हणाली, "बाबा, उठा, लोक बघतायत." पण मला हवं ते दिसलं होतं. विनिअर! म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदासारखा पातळ काप, वरून चिकटवलेला.

हे अण्णांना सांगायचं कसं? ते आता एक्क्याऐंशीचे आहेत आणि विनिअर त्यांच्या लेखी "लाकडाचा फोटो". मी पहिल्यांदा विनिअरचं कपाट केलं तेव्हा त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. इथं तर समुद्राच्या राणीलाच विनिअर. त्यालाही कारण आहे. अख्ख्या लाकडाच्या फळ्या खाऱ्या दमट हवेत फुगल्या-आकसल्या असत्या, वजन वाढलं असतं ते वेगळंच.

जेवणाचं दालन तीन मजले उंच. एका भिंतीवर मॅकडोनल्ड गिल यांनी काढलेला अटलांटिकचा भलामोठा नकाशा आहे, त्यात उन्हाळ्याची वाट वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी. त्या वाटेवर स्फटिकाचं छोटं जहाज पुढं सरकायचं. सूप पिताना मान वळवली की कळायचं, आपण कुठवर आलो.

पण मला सगळ्यात पटली ती युद्धातली गोष्ट. जहाज सैनिक वाहायला घेतलं तेव्हा सहा मैल गालिचे, चिनी मातीची आणि चांदीची भांडी, चित्रं, सगळं काढून गोदामात ठेवलं. भिंतींचं लाकूड काढता येईना, म्हणून त्यावर चामडं चढवलं. 1943 च्या जुलैत एका खेपेला 16,683 माणसं कोंबली होती. एवढ्या माणसांच्या बुटांतून, बंदुकांतून पॅनेल वाचवायचं कुणाला तरी सुचलं, यातच सगळं आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्हाला तेवढीही सवड मिळाली नाही. शेडमध्ये तयार असलेली तीन किचनं होती. आठवड्यानं शटर उघडलं तर विनिअर केळीच्या सोपटासारखं सुटून लोंबत होतं. कोपऱ्यातलं अण्णांचं सागवानी बाक चिखलानं माखलेलं, पण सांधा हललेला नव्हता. अण्णांनी तेव्हाही टिचकीच मारली.

रात्री व्हिडिओ कॉल केला. फोटो दाखवले. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला.

"हात लावून बघितलंस का?"

"लावला."

"गार लागलं का उबदार?"

खरंच, मला आठवेना. दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, परत जाऊ या. तिनं डिस्नेची तिकिटं काढली होती.

परवा विश्रामबागच्या एका गिऱ्हाइकाकडं मकासरसारख्या विनिअरचा नमुना घेऊन गेलो. साहेबांना आवडला. वहिनींनी नमुना उलटा केला, मागून बघितला आणि विचारलं, "फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आमचा, ठाऊक आहे ना?"

"दुसऱ्या."

"मग लावा."